नोंदवहीतला शेरा आणि गोळ्यांचा डबा

बचत गटात दर महिन्याला कोणी किती भरले, कोणाचा हप्ता राहिला, हे आपण वहीत लिहितो. ही झाली देखरेख. वर्षाअखेरीस आपण विचारतो, कर्जातून शेळ्या वाढल्या का, सावकार सुटला का? हे झालं मूल्यमापन. एचआयव्हीच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही हीच दोन कामं चालतात.

हा कार्यक्रम १९९२ पासून सुरू आहे. २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत औषधं मोफत मिळू लागली. गरोदरपणात बाईची तपासणी होते. एचआयव्ही असेल तर तिला गोळ्या सुरू होतात. बाळाची तपासणी सहाव्या आठवड्यापासून सुरू होते, शेवटची अठरा महिन्यांनंतर. किती जणींची तपासणी झाली, ही देखरेख. त्यांची बाळं सुखरूप राहिली का, हे मूल्यमापन.

या नोंदी समुपदेशक, नर्स, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ ठेवतात. त्यांना नुसतं रजिस्टर भरायला शिकवून भागत नाही, आकडा वाचायलाही शिकवावं लागतं. समजा, दोन बायका ऊसतोडीला गेल्या. एकीने कारखान्याजवळच्या केंद्रातून गोळ्या घेतल्या, दुसरीच्या संपल्या. गावाकडच्या रजिस्टरात मात्र दोघींपुढे एकच शेरा, 'आली नाही'. गोळ्यांत खंड पडला तर विषाणू पुन्हा वाढतो, पुढे तेच औषध लागू न पडण्याचा धोका असतो. म्हणून शिकलेला कर्मचारी शेऱ्यावर थांबत नाही. फोन करतो, दुसऱ्या केंद्राशी ताळा जुळवतो. तोडीच्या हंगामात असे शेरे वाढतात का, हेही पाहतो. मग निघण्याआधीच जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा दुसऱ्या केंद्राची चिठ्ठी देता येते.

यात आपण काय करू शकतो? बाहेरगावी जाताना केंद्राला आधी सांगा, फोन नंबर बदलला तर कळवा, असं गटात सगळ्यांनाच सांगू. गावच्या आरोग्य समितीत विचारू, की समुपदेशकाची जागा भरली आहे का, प्रशिक्षण झालं का, तपासणीची किट आहेत का.

एक मात्र पाळू. कोणाला एचआयव्ही आहे, हे शोधत बसायचं नाही. २०१७ च्या कायद्याने ती माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. गुपित फुटेल या भीतीने बाई केंद्रात गेलीच नाही, तर वहीत तिची नोंद होणार नाही आणि तिला औषधही मिळणार नाही.

शंका असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे. पुढच्या बैठकीत तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेऊ या.