भक्कम पिंजरा आणि गप्प कुत्रा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्या बाईंनी आम्हाला जिन्यात गाठलं आणि विचारलं, “सर, आमच्या लॅब्राडोरने दोन पिंजरे तोडलेत. आता तुटणारच नाही असा कुठला घेऊ?” आमचा जन्म ‘ज्ञान म्हणजे काय’ असल्या प्रश्नांत गेला, इतका सरळ प्रश्न आम्हाला क्वचितच कुणी विचारतं. शिवाय हाच प्रश्न एकदा आम्हालाही पडला होता आणि आमचं उत्तर चुकलं होतं. म्हणून आजचा तास त्यालाच.

आमच्याकडे खंड्या आहे. रस्त्यावरचा, देशी, घरी आला तेव्हा दीड-दोन वर्षांचा. निवृत्तीनंतर घरात आम्ही दोघंच, त्यामुळे पहिले काही महिने तो एकटा असा राहिलाच नाही. मग एका लग्नाला तीन तास गेलो. परत येतो तर दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग भुसा होऊन पडलेला. आम्ही तारेचा घडीचा पिंजरा आणला. दुसऱ्याच खेपेला त्याने कोपऱ्यातली तार वाकवली आणि बाहेर पडला. हिरड्या रक्ताळलेल्या, एक सुळा तुटलेला. आम्ही काय करावं? फॅब्रिकेटरकडे गेलो आणि जाड सळईचा पिंजरा वेल्डिंग करून घेतला. तो तुटला नाही. खंड्या आत गप्प बसायला लागला. जमलं, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. जमलं नव्हतं. ते कसं कळलं ते शेवटी सांगतो.

आधी हे बघा, की ‘पिंजरा तोडणं’ ही एकच क्रिया दिसली तरी तिच्यामागची कारणं वेगळी असतात. पहिलं कारण दात आणि कंटाळा. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात पिल्लाचे दुधाचे दात पडून पक्के येतात, तेव्हा ते समोर येईल ते चावतं, तुम्ही घरात असा वा नसा. दुसरं कारण हुशारी. हा कुत्रा तार चावत बसत नाही, नाकाने कडी सरकवतो आणि शेपटी हलवत बाहेर येतो, अंगावर ओरखडासुद्धा नसतो. तिसरं कारण भीती. कुणाला एकटेपणाची, कुणाला फटाक्यांची, कुणाला ढगांच्या गडगडाटाची. असा कुत्रा तुम्ही गेल्यावर बहुधा काही मिनिटांतच सुरू होतो. धापा टाकतो, लाळ गाळतो, आत लघवी करतो, ठेवलेला खाऊ हुंगतही नाही, आणि तोंडातून रक्त येत असलं तरी लोखंड सोडत नाही.

आपल्या कुत्र्याचं कारण कुठलं हे तर्काने ओळखायचं नाही, बघायचं. फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि अर्धा तास बाहेर जा. पाच पैसे खर्च नाही. हे केल्याशिवाय पिंजरा विकत घेऊ नका.

कारण बघा, पहिल्या दोन प्रकारांत भक्कम पिंजरा हे खरंच उत्तर आहे, जोडीला फिरवणं आणि चावायला काहीतरी हवं. तिसऱ्या प्रकारात मात्र कुत्रा जोर कमी करत नाही. तो जोर कुठेतरी जातोच. तार वाकली नाही तर दात तुटतो. लोखंड चावणाऱ्या कुत्र्यांच्या सुळ्यांची मागची बाजू घासून पातळ होते आणि मग सुळा मोडतो, हे पशुवैद्यांच्या नेहमीच्या पाहण्यातलं आहे.

आता प्रत्यक्ष निवड. कापडी पिंजरा चावणाऱ्या कुत्र्यासाठी नाहीच. टणक प्लॅस्टिकचा प्रवासाला ठीक, पण हवेच्या फटींच्या कडा दातात धरता येतात, तिथूनच तो फुटायला लागतो. तारेच्या पिंजऱ्यात गेज विचारा. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. आपल्याकडे चालणाऱ्या मापात 12 गेज म्हणजे सुमारे 2.6 मिलिमीटर आणि 8 गेज म्हणजे सुमारे 4 मिलिमीटर. पण केवळ जाडीने भागत नाही. प्रत्येक सांधा वेल्ड केलेला हवा. दोन गजांमधली फट अशी नको की खालचा जबडा आत जाईल आणि परत निघणार नाही. दाताला धरायला जितकं कमी मिळेल तितकं चांगलं, म्हणून भोकं पाडलेला सपाट पत्रा गजांपेक्षा बरा ठरतो. पण चारही बाजूंनी पत्रा असेल तर उन्हाळ्यात आतली हवा तापते, आणि कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. तेव्हा समोरासमोरच्या दोन बाजूंनी तरी वारा खेळता हवा. जस्ताचा मुलामा चावणाऱ्याच्या तोंडाशी नको, जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. तळाचा ट्रे बाहेर ओढता येत असेल तर तो पक्का करून घ्या, नाहीतर सुटकेचा मार्ग तिथूनच निघतो. आणि आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढायचा. तो गजात अडकला तर फास बसतो.

मापाचं काय? विमानप्रवासाच्या पेटीसाठी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेचं एक सूत्र आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीत जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा, ही पेटीची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट, ही रुंदी. उभ्या कुत्र्याचं डोकं किंवा कानाचं टोक, जे उंच असेल ते, ही उंची. समजा लांबी 75 सेंटिमीटर, कोपर 30 आणि खांदे 20, तर पेटी किमान 90 लांब आणि 40 रुंद. हे झालं प्रवासापुरतं. घरात यापेक्षा ऐसपैस हवं. आपल्याकडे 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या 11 व्या कलमानुसार प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा आहे.

राहिलं दार. पिंजरा बहुतेक वेळा दारापाशीच हरतो. कुत्रा खालच्या कोपऱ्यावर धडका देतो, दार लवतं आणि मधली एकुलती कडी सुटते. म्हणून वर आणि खाली अशा दोन कड्या हव्यात, कुत्र्याच्या नाकाला न सापडणाऱ्या. पण कुलूप लावू नका. का, त्यासाठी एक जुनी हकिगत सांगतो.

सप्टेंबर 1924 मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत होते आणि पिंजऱ्यांची दारं खालच्या बाजूला होती. पाणी चढलं, कुत्रे पिंजऱ्याच्या छताशी नाक लावून पोहत राहिले. माणसं पोचली तेव्हा त्यांना बाहेर काढायला आधी पाण्याखाली दाबावं लागलं. कुत्रे वाचले. पण त्यांतल्या काहींचं इतक्या दिवसांचं शिक्षण पुसलं गेलं होतं. ते पुन्हा बसवल्यावर पावलॉव्ह यांनी दाराखालून थोडं पाणी आत सोडून पाहिलं, तर लक्षणं परत आली. या हकिगतीतून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, दार माणसाला घाईत, अंधारात, एका हाताने उघडता आलं पाहिजे. दोन, कोंडलेपणी बसलेली भीती पिंजऱ्यातून सुटल्यावरही सुटत नाही.

आता खंड्याकडे येऊ. एकदा भाच्याने आमचा जुना फोन कपाटावर रेकॉर्डिंगला लावला. आम्ही दोन तासांनी आलो आणि पाहिलं. खंड्या झोपला नव्हता. तो कोपऱ्यात उभा होता, मान खाली, थरथरत. पायाखाली लाळेचं थारोळं. चिकनचा तुकडा जिथल्या तिथे. ज्याला आम्ही शहाणपण समजत होतो, ते हात टेकणं होतं.

आम्ही इतकी वर्षं वर्गात सेलिगमन आणि मायर यांचा 1967 चा प्रयोग सांगितला आहे. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके टाळता येत नव्हते, त्यांतले बरेचसे पुढे सुटकेची वाट समोर असूनही उठले नाहीत. या अवस्थेला ‘शिकलेली असहायता’ असं नाव पडलं. आणि गंमत बघा, 2016 मध्ये त्याच दोघांनी आपला सिद्धान्त उलटा केला. संकट लांबलं की हतबल होणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते ‘मला काही करता येतं’ हे, असं ते म्हणाले. वर्गात शिकवलेलं घरात ओळखू आलं नाही, हा दोष आमचाच.

मग आम्ही काय केलं? पिंजऱ्याचं दार काढून टाकलं. खंड्याला रोजचं जेवण तिथेच द्यायला लागलो, तो हवं तेव्हा आत जाई, हवं तेव्हा बाहेर येई. एकटं राहण्याचा सराव वेगळा, दहा सेकंदांपासून. आम्ही दाराबाहेर जायचं, तो घाबरण्याआधी परत यायचं. सराव चालू असताना त्याला जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही. दोघांपैकी एकाने घरी थांबायचं, नाहीतर शेजाऱ्यांकडे सोडायचं. पशुवैद्यांनी औषधही दिलं. अशा भीतीवर क्लोमिप्रामिन, फ्लुऑक्सेटिन यांसारखी औषधं सरावाच्या जोडीने वापरतात, मात्र ती डॉक्टरांनीच ठरवायची, घरातल्या माणसाच्या गोळ्या द्यायच्या नाहीत. सात-आठ महिने गेले. आज खंड्या दीड तास एकटा राहतो. दोन तास अजून नाही. दुपारी तो आपणहून त्या पिंजऱ्यात जाऊन झोपतो, आडवा, पाय ताणून.

तर त्या बाईंना आमचं उत्तर असं. आधी अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग. कंटाळा किंवा हुशारी दिसली तर वेल्ड केलेला, बारीक फटींचा, दोन कड्यांचा पिंजरा खुशाल घ्या. भीती दिसली तर ते पैसे आधी डॉक्टरांकडे खर्च करा. आणि पिंजऱ्यातला कुत्रा गप्प झाला, तर आमच्यासारखी घाई करू नका. तो झोपलाय की नुसता उभा आहे, ते बघा.

इथे थांबतो.