पाळीच्या वेदना : घराच्या सवयी आणि वडीलधाऱ्यांचा शब्द

मासिक पाळीच्या पहिल्या दिवशी पोटाशी पाय घेऊन पडून राहिलेली मुलगी बहुतेक घरांनी पाहिलेली असते. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या वाक्याला फार मोल असते. ‘आमच्या वेळी असे कोणी झोपून राहत नसे,’ असे ते वाक्य असेल, तर पुढच्या महिन्यापासून मुलगी गप्प राहायला शिकते. ‘कधीपासून दुखते आहे? कुठे दुखते आहे?’ असा प्रश्न असेल, तर उपचाराची सुरुवात तेथेच होते. घरात काय शिजते, जेवणे किती वाजता होतात, दिवे केव्हा मालवले जातात, हे पुष्कळ कुटुंबांत आजी-आजोबांच्या शब्दावर ठरते. या वेदनेचा अशा सवयींशी जवळचा संबंध आहे. म्हणून हा विषय केवळ मुलींचा नव्हे, साऱ्या घराचा आहे.

वेदना का होते?

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या आतील अस्तरातून ‘प्रोस्टाग्लँडिन’ नावाची द्रव्ये स्रवतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात आणि अस्तर बाहेर टाकले जाते. ही द्रव्ये अधिक प्रमाणात स्रवली, तर आकुंचन तीव्र होते, स्नायूंचा रक्तपुरवठा काही काळ कमी पडतो आणि कळा येतात. मळमळ, जुलाब, डोकेदुखी हीदेखील बऱ्याच अंशी त्यांचीच करणी. या द्रव्यांवरील संशोधनाला १९८२ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ‘हे सारे मनाचे खेळ आहेत’ या समजाला आता आधार उरलेला नाही.

आयुर्वेदात अशा वेदनेसाठी ‘कष्टार्तव’ हा शब्द रूढ आहे. तिचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिल्या प्रकारात गर्भाशयात कोणताही आजार नसतो. पाळी सुरू झाल्यानंतर बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत हा त्रास सुरू होतो, रक्तस्रावाच्या आगेमागे उद्भवतो आणि दोन-तीन दिवसांत ओसरतो. दुसऱ्या प्रकारात मुळाशी एखादा विकार असतो. उदाहरणार्थ, गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणे, म्हणजे एंडोमेट्रिऑसिस, किंवा गर्भाशयातील गाठी. सवयींतील बदलाचा खरा लाभ पहिल्या प्रकारात होतो. दुसऱ्या प्रकारात त्यांनी थोडा आराम पडला, तरी मूळ विकारावर उपचार करावेच लागतात.

शेक : आजीचा जुना उपाय

ओटीपोट शेकण्याचा घरगुती उपाय आधुनिक कसोटीवरही उतरला आहे. सुमारे ३९ अंश सेल्सिअसची सौम्य ऊब ओटीपोटावर सतत ठेवल्यास आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाइतका आराम मिळू शकतो, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले. ऊब सौम्य होती, ही गोष्ट महत्त्वाची. रबरी पिशवीत उकळते पाणी भरू नये. पिशवी टॉवेलात गुंडाळावी, पंधरा-वीस मिनिटांनी त्वचा पाहावी आणि पिशवी अंगाखाली घेऊन झोपू नये.

आले किंवा सुंठ यांवरही छोट्या चाचण्या झाल्या असून पहिल्या तीन-चार दिवसांत सुंठीची पूड घेतल्याने वेदना कमी झाल्याचे त्यांत दिसले. सुंठीचा काढा किंवा आल्याचा चहा देण्यास सहसा हरकत नाही. मात्र रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे.

हालचाल, आहार आणि झोप

पाळीत मुलीला बाजूला बसविण्याची रीत एके काळी घरोघरी होती. विश्रांतीची गरज वाटल्यास ती अवश्य मिळावी. पण चार दिवस हालचालच करू नये, याला आधार नाही. उलट आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा, प्रत्येक वेळी ४५ ते ६० मिनिटे नियमित व्यायाम केल्यास वेदनेची तीव्रता घटते, असे अनेक छोट्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. भरभर चालणे, सायकल, योगासने यांतील जे झेपेल व आवडेल ते महिनाभर चालू ठेवावे. आजोबांच्या संध्याकाळच्या फेरफटक्यात नातीला सोबत घेतले, तर लाभ दोघांचाही होतो.

आहाराच्या बाबतीत पहिली गोष्ट वेळेची. सकाळची न्याहारी टाळणाऱ्या तरुणींमध्ये पाळीची वेदना अधिक आढळते, असे जपानमधील अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयाच्या घाईत मुली चहा-बिस्किटावर बाहेर पडतात आणि काही जणी उपवासही करतात. पाळीच्या दिवसांत उपवास सोडण्याची मुभा वडीलधाऱ्यांनी आपणहून द्यावी. मुलगी ती मागायला संकोचते. दही, ताक, लिंबू यांनी पाळीत दुखणे वाढते, या समजाला मात्र पुरावा नाही.

दुसरी गोष्ट लोहाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. रक्तक्षय हे कळांचे कारण नव्हे. पण अंगात रक्त कमी असले की तोच त्रास अधिक गळून टाकतो. बाजरी, पालेभाज्या, कडधान्ये, तीळ, अळीव यांच्या जोडीला लिंबू किंवा आवळा द्यावा आणि चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा.

अपुरी झोप आणि मनावरील ताण यांनी वेदना अधिक जाणवते. परीक्षेच्या महिन्यात त्रास वाढला, तर त्यास ढोंग समजू नये.

घरातील धूर

धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत पाळीची वेदना अधिक आढळते. पण मुलगी स्वतः धूम्रपान करीत नसली, म्हणून ती सुरक्षित ठरत नाही. चीनमधील, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या नवविवाहित स्त्रियांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. घरात इतरांच्या सिगारेटचा धूर जितका अधिक, तितकी वेदनेची शक्यता अधिक, असे त्यात आढळले. घरात बिडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांनी हे ध्यानी घ्यावे. दातांना मिश्री लावणाऱ्या आजींनीही ती सवय नातीपर्यंत पोहोचू देऊ नये. मिश्री हा तंबाखूच आहे.

आपली गोळी नातीला देऊ नये

गुडघेदुखीसाठी आणलेली गोळी ‘दुखण्यावरचीच आहे’ म्हणून मुलीला दिली जाते. हे टाळावे. आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात. म्हणून वेदना शिगेला पोहोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच, काही खाऊन घेतल्यास ती अधिक उपयोगी पडतात. परंतु जठरातील व्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असल्यास ती अपायकारक ठरू शकतात. औषध आणि मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. गोळीनंतर अंगावर पुरळ किंवा ताप आला, तर ती थांबवून तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

सवयी पुरेशा नसतात तेव्हा

एंडोमेट्रिऑसिस प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरीही त्याचे निदान होण्यास कित्येक वर्षे लागतात. कारण ‘पाळीत दुखतेच’ असे घरातले म्हणतात आणि मुलगीही तसेच मानू लागते. पुढील लक्षणे असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे :

- दर महिन्याला शाळा किंवा काम बुडते. औषधानेही आराम पडत नाही.
- वेदना वर्षागणिक वाढत आहे, किंवा पाळी संपल्यावरही राहते.
- शौच, लघवी किंवा शरीरसंबंधाच्या वेळी दुखते.
- दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागते, किंवा स्राव सात दिवसांहून अधिक चालतो.
- वयात आलेल्या मुलीला पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात दुखते.

ताप, चक्कर येऊन पडणे, किंवा पाळी चुकल्यानंतर अचानक तीव्र वेदना होणे, यांपैकी काहीही घडल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

या साऱ्यांत एक पथ्य वडीलधाऱ्यांनी पाळायचे आहे. सवयींचा उपदेश दोषारोप होऊ नये. ‘बाहेरचे खाल्लेस, जागरण केलेस, म्हणून भोग,’ असे ऐकलेली मुलगी वेदना लपवू लागते. चांगल्या सवयींच्या मुलींनाही कष्टार्तव होते.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाळीची तारीख, वेदनेला दहापैकी किती गुण, कोणती गोळी घेतली आणि शाळा बुडाली का, एवढे मुलीच्या संमतीने टिपून ठेवावे. तिला संकोच वाटत असेल, तर तिच्या वहीत. तीन महिन्यांची ही नोंद डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते. तपासणीला जाताना सोबत आजी असेल, तर ‘हे खरेच दुखते’ हे सांगणारा दुसरा आवाजही तेथे असेल.