रांगेतून आलेला, रांगेने राखलेला

1957 साली अमेरिकन रॉक अँड रोल गायक बिल हेली लंडनच्या एडमंटन भागातल्या रीगल थिएटरात येणार होता. तिकिटं मिळवण्यासाठी हर्टफर्डशायरमधल्या चेशंट गावची काही मुलं शाळा बुडवून रांगेत जाऊन उभी राहिली. शाळेला कळायचं ते कळलंच. त्या टोळक्यात एक प्रीफेक्ट होता. त्याचा बिल्ला काढून घेतला गेला. मुलाचं नाव हॅरी वेब. वर्षभराने त्याने क्लिफ रिचर्ड हे नाव घेतलं, आणि पुढे साठाहून अधिक वर्षं लोक त्याच्यासाठी रांगा लावत राहिले.

हा हॅरी जन्माने लखनौचा, 14 ऑक्टोबर 1940चा. वडील रॉजर वेब भारतीय रेल्वेला खानपान पुरवणाऱ्या केल्नर कंपनीत नोकरीला होते आणि मुलाचं लहानपण हावड्यात गेलं. स्वातंत्र्यानंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबांनी जे केलं तेच वेब मंडळींनी केलं. 1948मध्ये मुंबई बंदरात 'रांची' नावाच्या बोटीवर चढून त्यांनी इंग्लंड गाठलं. तिथे सावळ्या वर्णावरून शाळेत टोमणे खायचे, घरात पैशांची ओढाताण. त्यात 1956 साली रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका मोटारीच्या रेडिओवर एल्व्हिस प्रेस्लीचं 'हार्टब्रेक हॉटेल' त्याच्या कानावर पडलं. गायक कोण हेही त्याला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर केसांचा कोंबडा, ओठ मुरडणं, गिटार धरण्याची ढब, सगळं त्याने एल्व्हिसकडून उचललं. नवं नाव घेतानाही 'रिचर्ड्स'मधला शेवटचा 'स' गाळला, तो लिटल रिचर्ड या आणखी एका आवडत्या गायकाला सलाम म्हणून.

एल्व्हिसची भेट मात्र कधी झाली नाही. तो लष्करी सेवेत जर्मनीत असताना क्लिफने त्याच्या घराचं दार ठोठावलं, तर स्वारी घरी नव्हती. पुढे भेटीची संधी चालून आली तेव्हा एल्व्हिस सुटला होता. असा फोटो नको, जरा बारीक होऊ दे, मग भेटू, असं म्हणत क्लिफने ती लांबणीवर टाकली. 1977मध्ये एल्व्हिस गेला. हा किस्सा क्लिफ स्वतःच मुलाखतींत सांगत आला आहे. आराध्याची मनातली मूर्ती भंगू नये म्हणून आराध्यालाच टाळायचं, हे एखाद्या कट्टर चाहत्यालाच सुचू जाणे.

कारकिर्दीचा आलेख भराभर पाहू. 1958चं पहिलंच गाणं 'मूव्ह इट' ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकावर, 1959चं 'लिव्हिंग डॉल' पहिल्यावर. 'द यंग वन्स' आणि 'समर हॉलिडे' हे तिकीटबारीवर चाललेले चित्रपट. 1968च्या युरोव्हिजन स्पर्धेत 'काँग्रॅच्युलेशन्स'ला 28 गुण मिळाले आणि स्पेनच्या मासिएलला 29. 1966मध्ये त्याने धर्मप्रचारक बिली ग्रॅहमच्या सभेत आपली ख्रिस्तश्रद्धा जाहीर केली, त्यामुळे एकेकाळी बीभत्स अंगविक्षेपांबद्दल टीका झेललेला हा पोरगा ब्रिटनमधल्या सज्जनपणाचा नमुना बनला. टवाळांना एवढं पुरेसं होतं. बीटल्सनंतरच्या पिढीत क्लिफ आवडतो असं म्हणणं म्हणजे चेष्टेला आमंत्रण देणं होतं.

त्याच्या चाहत्यांची खरी कहाणी इथे सुरू होते. 1958-59मध्ये त्याच्यासाठी किंचाळणाऱ्या मुली पुढे कारकून झाल्या, परिचारिका झाल्या, आया आणि आज्या झाल्या, पण त्यांनी त्याला सोडलं नाही. चाहत्यांची मंडळं टपालाने पत्रकं पाठवत, कुणाच्या तरी घरी सभा भरवत, एकाच दौऱ्यातले चार-पाच कार्यक्रम गाठत. साठी-सत्तरी ओलांडलेल्या क्लिफची छबी असलेली दिनदर्शिका दरवर्षी निघायची आणि खपायची. पन्नाशीनंतरही बालगंधर्वांचा स्त्रीवेश पाहायला जाणाऱ्यांचे आपण वारसदार. आपल्याला याचं नवल वाटायला नको.

ही भक्ती नुसती हळवी असती, तर तिच्यावर लेख लिहिण्याचं कारण नव्हतं. ती कामाला लागली, ते ब्रिटनच्या विक्रीयादीच्या रचनेमुळे. अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत विक्रीबरोबर रेडिओवर गाणं किती वाजतं हेही मोजलं जातं. ब्रिटनची यादी मात्र दशकानुदशकं निव्वळ दुकानातल्या विक्रीवर बनत होती. म्हणजे रेडिओने एखादं गाणं वाजवलं नाही, तरी पुरेशा लोकांनी दुकानात जाऊन पैसे मोजले की ते वर चढणारच. रेडिओचं पाठबळ नसलेल्या, पण निष्ठावान ग्राहक असलेल्या गायकाला याहून सोयीची व्यवस्था दुसरी नाही. अमेरिकेत त्याची 'डेव्हिल वुमन'सारखी मोजकीच गाणी चालली, त्यामागे हेही एक कारण असावं.

1990च्या दशकात तरुण श्रोत्यांच्या मागे लागलेल्या रेडिओ केंद्रांनी क्लिफला जवळजवळ वाळीत टाकलं. 1998मध्ये त्याच्या मंडळींनी एक खोडी काढली. 'कान्ट कीप धिस फीलिंग इन' या गाण्याचं नाचाच्या ठेक्यातलं रूप 'ब्लॅकनाइट' या बनावट नावाने केंद्रांकडे पाठवलं. गायक कोण हे ठाऊक नसताना ते वाजलं. मग खरं नाव उघड झालं, आणि नकार आवाजाला होता की वयाला, याचं उत्तरही मिळालं. गाणं पहिल्या दहात पोहोचलं.

पुढच्या वर्षी त्याने ख्रिस्ती प्रार्थना 'ऑल्ड लँग साइन'च्या चालीवर बसवली. चार दशकांचं नातं असलेल्या ईएमआय कंपनीनेही ती काढायला नकार दिला. पॅपिलॉन नावाच्या छोट्या कंपनीने ती बाजारात आणली, उत्पन्न मुलांसाठीच्या धर्मादाय निधीला दिलं. बऱ्याच केंद्रांनी ती वाजवलीच नाही. गाणं म्हणून 'मिलेनियम प्रेअर' फारसं बरं नाही, हे इथेच सांगून टाकावं. तरीही 1999च्या अखेरीस ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ते त्याचं चौदावं अव्वल गाणं. 1950च्या दशकापासून 1990च्या दशकापर्यंत सलग पाच दशकं पहिला क्रमांक मिळवण्याचा विक्रम तर त्याच्या नावावर आधीच लागला होता. गाणं त्याने गायलं, पण विक्रम दुकानात गेलेल्यांचा आहे.

समीक्षकांनाही चाहत्यांनी असंच निष्प्रभ केलं. 'वदरिंग हाइट्स'वर आधारलेलं 'हीथक्लिफ' हे संगीत नाटक 1996मध्ये आलं. एमिली ब्राँटेच्या रानवट, क्रूर नायकाच्या भूमिकेत पन्नाशी उलटलेला सभ्य क्लिफ! वृत्तपत्रांनी यथेच्छ खिल्ली उडवली, पण बहुतेक तिकिटं पडदा उघडण्याआधीच गेली होती. त्याच वर्षी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर पावसाने खेळ थांबला, तेव्हा हाच गृहस्थ प्रेक्षकांत उभा राहून वाद्यांशिवाय गायला लागला. मार्टिना नवरातिलोवा आणि व्हर्जिनिया वेड मागे कोरस धरत होत्या. ओले प्रेक्षक टाळ्यांवर ताल देत होते.

मग ऑगस्ट 2014. जुन्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीवरून पोलिसांनी बर्कशायरमधल्या त्याच्या घराची झडती घेतली आणि बीबीसीने हेलिकॉप्टर लावून ती देशभर दाखवली. क्लिफ तेव्हा पोर्तुगालमध्ये होता. त्याला अटक झाली नाही, आरोपपत्रही नाही. 2016मध्ये प्रकरण बंद झालं. झडतीनंतर काही दिवसांतच चाहत्यांनी ठरवून 'आय स्टिल बिलीव्ह इन यू' हे त्याचं 1992चं गाणं विकत घेतलं आणि पुन्हा यादीत आणलं. निषेधाची त्यांना येत असलेली रीत हीच. अशा वेळी चाहत्यांनी आंधळेपणाने पाठराखण करावी का, हा प्रश्न रास्त आहे, आणि तक्रार कुणाचीही असो, ती तपासली गेलीच पाहिजे. पण न्यायालयाने बोट ठेवलं ते तपासावर नव्हे, तर त्याच्या प्रक्षेपणावर. 18 जुलै 2018 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात न्या. मॅन यांनी खासगीपणाच्या भंगाबद्दल बीबीसीला 2 लाख 10 हजार पौंडांची भरपाई द्यायला लावली. बाहेर थांबलेल्या चाहत्यांनी 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हटलं.

मोजणीची रीत आता बदलली आहे. जुलै 2014पासून ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत आणि 2015पासून अल्बमच्या यादीतही ऑनलाइन ऐकणं धरलं जातं. विशीतला श्रोता एकच गाणं दिवसभर फिरवत राहतो आणि प्रत्येक फेरीचा वाटा जमा होतो. सत्तरीची चाहती सीडी एकदाच विकत घेते. घरी ती शंभरदा वाजवली, तरी त्याची नोंद कुठेच नाही. साहजिकच एकेकट्या गाण्यांच्या यादीतून क्लिफ हद्दपार झाल्यासारखाच आहे. अल्बमच्या यादीत मात्र विकल्या गेलेल्या सीडीला अजून वजन आहे. 2020मध्ये, ऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमारास आलेला त्याचा 'म्युझिक... द एअर दॅट आय ब्रीद' तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. सलग आठ दशकांत पहिल्या पाचात अल्बम आणणारा तो ब्रिटनमधला पहिला कलावंत ठरला. 2025च्या अखेरीस पंच्याऐंशी पूर्ण झालेला क्लिफ ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा त्याच्यासाठी तिकिटं काढणाऱ्यांत रीगल थिएटरच्या काळातल्या बायकाही होत्या आणि त्यांना आणून सोडणाऱ्या त्यांच्या लेकीही.