गावाची पाहणी : विकासयोजनेचा पाया

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. मातीचे परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा ठरवू नये, हे आता शेतकऱ्यांनाही पटलेले आहे. परंतु संपूर्ण गावाच्या आर्थिक विकासाचा प्रश्न आला म्हणजे हा साधा नियम आपण विसरतो. शेजारच्या गावाने डाळगिरणी घातली म्हणून आपणही घालावी, अथवा एखाद्या योजनेत अनुदान आहे म्हणून शीतगृह बांधावे, असे निर्णय होतात. यंत्र येते, उद्घाटन होते आणि दोन हंगामांनंतर त्यावर धूळ साचते. कर्जाचे हप्ते मात्र सभासदांच्या माथी राहतात. हे टाळावयाचे असेल तर योजनेच्या आधी गावाची पद्धतशीर पाहणी झाली पाहिजे आणि सल्ला त्या पाहणीच्या आधारावर घेतला गेला पाहिजे.

जुना पण उपयुक्त अनुभव

अशा पाहणीची परंपरा आपल्याकडे नवी नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून तो १९१७ साली प्रसिद्ध केला. जमीन कोणाकडे किती आहे, तिचे किती तुकडे झाले आहेत, कुटुंबाची मिळकत किती व देणे किती, याची त्यांनी घरोघरी जाऊन नोंद केली. १७७१ साली त्या गावातील सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते. १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आले होते, असे त्यांना आढळले. जमिनीच्या तुकड्यांचा प्रश्न अशा रीतीने आकड्यांनिशी पुढे आला. पुढे १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा झाला.

या अभ्यासाचा पुढील भाग अधिक बोधप्रद आहे. पिंपळे सौदागर हे शहरानजीकचे गाव असल्याने तेथील लोकांना बाहेरच्या मजुरीचे उत्पन्न मिळत होते. त्यावरून दूरच्या गावांविषयी अनुमान काढणे योग्य झाले नसते. म्हणून डॉ. मान यांनी श्री. कानिटकर यांच्यासह शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक हे दुसरे गाव निवडले व तो अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध झाला. एकाच जिल्ह्यातील दोन गावांचे दुखणे एक नसते, हा धडा आजही तितकाच खरा आहे. पुण्यात १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने हेच कार्य पुढे चालविले. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांचा वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाचा अभ्यास १९४० साली प्रसिद्ध झाला, तो या क्षेत्रातील एक महत्त्वाचा प्रयत्न होय.

पाहणीत काय पहावे

पाहणी म्हणजे केवळ लोकसंख्या व क्षेत्र यांचा तक्ता नव्हे. पुढील पाच बाबींची नोंद अवश्य करावी.

१. जमीन व पाणी : सातबारा व ई-पीक पाहणीच्या नोंदींवरून पीकवार क्षेत्र काढावे व शिवारफेरी करून ते पडताळावे. विहिरी किती, त्यांपैकी उन्हाळ्यात चालणाऱ्या किती, हे पहावे.

२. उत्पादन : सरासरी वर्षाचे व दुष्काळी वर्षाचे उत्पादन निरनिराळे लिहावे. उत्तम वर्षाचा आकडा धरून योजना आखू नये.

३. विक्री : माल कोणत्या महिन्यात, कोणास व कोणत्या ठिकाणी विकला जातो; आडत, हमाली व वाहतूक यांत किती जाते, हे विचारावे.

४. पैसा : पेरणीसाठी भांडवल कोठून येते, व्यापाऱ्याकडून उचल घेतली जाते काय आणि तिच्या मोबदल्यात माल बांधला जातो काय, हे जाणून घ्यावे.

५. माणसे : भूमिहीन कुटुंबे, शेतमजूर स्त्रिया, बाहेरगावी मजुरीस जाणारे तरुण यांची माहिती त्यांच्याकडूनच घ्यावी. चावडीवर बसून चार प्रतिष्ठितांनी दिलेली माहिती ही गावाची माहिती नव्हे.

हिशेबाचे एक उदाहरण

समजा, एका गावात तुरीचे क्षेत्र २०० हेक्टर आहे व सरासरी उत्पादन हेक्टरी ८ क्विंटल येते. म्हणजे एकूण तूर १,६०० क्विंटल. गावातील उत्पादक कंपनीस सल्लागाराने तासाला ५ क्विंटल क्षमतेच्या डाळगिरणीचा तयार अहवाल दिला. दिवसाचे ८ तास व वर्षाचे १५० दिवस गिरणी चालेल, असे त्यात गृहीत धरले आहे. म्हणजे गिरणीस वर्षाला ६,००० क्विंटल तूर लागणार.

आता पाहणीकडे वळू. १,६०० क्विंटलपैकी २०० क्विंटल घरखर्च व बियाण्यासाठी राहते. ५०० क्विंटल उचलीपोटी व्यापाऱ्याकडे आधीच बांधलेली असते. ४०० क्विंटल पैशाच्या निकडीमुळे खळ्यावरूनच विकली जाते. उरली ५०० क्विंटल. दिवसाला ४० क्विंटल या वेगाने ती तेरा दिवसांत संपते. उरलेली ५,५०० क्विंटल बाहेरून आणावयाची तर क्विंटलला ७ हजार रुपये धरून ३ कोटी ८५ लाख रुपयांची खरेदी होते. वर्षात हे भांडवल पाच वेळा फिरविले तरी ७७ लाख रुपये हाताशी असावे लागतात. अहवालात यंत्राची किंमत होती. या रकमेचा विचार नव्हता.

या पाहणीतून आणखी एक गोष्ट दिसते. गावाची खरी अडचण गिरणी नसणे ही नसून हंगामात रोख पैसा नसणे ही आहे. उचल व निकड यांमुळे ९०० क्विंटल तूर पडत्या भावात जाते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत १९९०-९१ पासून चालू आहे. तीत गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकते. अशा गावाने प्रथम साफसफाई, प्रतवारी व साठवण यांची सोय करून तारण कर्जाचा लाभ घ्यावा. माल गावाच्या हातात राहू लागला म्हणजे मग लहान डाळगिरणीचा विचार करावा. चुकीचे निदान व योग्य निदान यांत सभासदांच्या भागभांडवलाचा प्रश्न असतो, हे यावरून ध्यानात येईल.

सल्ला कोठे मिळतो

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे तसेच जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रे पीक व प्रक्रिया यांविषयी मार्गदर्शन करतात. पाण्यासंबंधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे जावे. शेतकरी उत्पादक कंपन्या उभारण्यासाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्रीय योजनेत तर सल्ला देणाऱ्या व्यवसाय संस्था नेमण्याचीच तरतूद करण्यात आली. सल्लागार कोणीही असो, त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : हे आकडे आमच्या गावातील आहेत काय? पाऊस निम्मा झाला अथवा भाव एक चतुर्थांशाने उतरला तर काय होईल? आपला मोबदला यंत्र विकणाऱ्याकडून येतो की आमच्याकडून? या प्रश्नांची सरळ उत्तरे न मिळाल्यास सही करण्याची घाई करू नये.

अहवाल गावात परत यावा

पाहणीचे निष्कर्ष दप्तरात बंद राहिले तर श्रम वाया जातात. या बाबतीत अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण अनुकरणीय आहे. अवर्षणप्रवण भागातील या गावाने १९९० नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामे केली. २००४ पासून भूजल खात्याच्या साहाय्याने तेथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जाऊ लागला. पाऊस मोजावयाचा, विहिरींची पातळी पहावयाची आणि पिण्याचे पाणी, जनावरे व पिके यांचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावयाचा, अशी ही रीत आहे. कमी पावसाच्या वर्षी कोणते पीक घेऊ नये, हे गाव स्वतः ठरविते. तज्ज्ञांनी मोजण्याची पद्धत दिली. निर्णय मात्र गावाचा राहिला. संशोधन व सल्ला यांचे खरे प्रयोजन हेच आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाहणीचा गोषवारा मोठ्या अक्षरांत लिहून ग्रामपंचायतीत लावावा व ग्रामसभेत वाचून दाखवावा. चुकीचा आकडा लोक लगेच दाखवून देतात. ती दुरुस्ती आनंदाने करावी. कोणाच्या घरचे कर्ज अथवा उत्पन्न मात्र नावानिशी जाहीर करू नये, अन्यथा पुढील वर्षी कोणीही खरी माहिती देणार नाही.

शेतकरी बंधू-भगिनींना एवढीच विनंती आहे की, पाहणीसाठी कोणी दाराशी आले तर टाळाटाळ न करता खरी माहिती द्यावी आणि तिच्यातून काय निष्पन्न झाले, हे विचारण्याचा आपला हक्क बजावावा. रब्बीची कामे उरकल्यानंतर उन्हाळ्यात थोडी सवड असते. त्या काळात आठ-दहा जणांनी वस्ती वाटून घेऊन काम केले तर लहान गावाची पाहणी पंधरवड्यात पुरी होऊ शकते. एवढ्या श्रमाने अनेक वर्षांचे कर्ज टळत असेल, तर त्यापरते फायदेशीर पीक नाही.