तळ्याच्या पाळीवरचा इतिहास

इटियाडोहच्या भिंतीवर उभे राहिले की बाहेरगावचे पाहुणे मला हमखास विचारतात, हे धरण कुणी बांधले? उत्तर सोपे आहे. गोठणगावजवळ गाढवी नदीवर १९७० च्या सुमारास सरकारने ते बांधले. त्याचे पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या धानाच्या बांध्यांपर्यंत जाते. पण या मुलखात पाणी अडवून शेती करण्याची रीत कुणी रुजवली, हे मात्र कुणी विचारत नाही. मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

आमच्या झाडीपट्टीत पाऊस चांगला पडतो, पण चार महिन्यांत पडून मोकळा होतो. धान लोंबीवर येण्याच्या वेळी त्याने ओढ दिली की वर्षाची मेहनत वाया. यावर उपाय एकच, उताराचे पाणी पाळ घालून अडवायचे. चांद्याच्या गोंड राजांनी त्यासाठी एक साधा नियम केला होता. जो रान मोडून तळे बांधेल, त्या तळ्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन त्याची. या आश्वासनावर तळी बांधण्यात वाकबगार असलेले कोहळी लोक इथे स्थिरावले. सात टेकड्यांच्या कुशीतला नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे लोकपरंपरा सांगते. पूर्व विदर्भातली हजारो तळी आणि बोड्या याच परंपरेतल्या. पुढे मालगुजारांकडे गेल्यावर त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. बांधणारे हात अनेक जातींचे होते, पण त्यांना जमिनीची हमी देणारे राज्य आदिवासींचे होते.

नागपूरचेही तसेच. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह औरंगजेबाच्या दरबारी गेला, त्याने इस्लाम स्वीकारला आणि हे फारसी नाव घेतले. बख्त म्हणजे नशीब, बुलंद म्हणजे उंच. तरी त्याच्या घराण्याने गोंडांशी असलेले सोयरसंबंध तोडले नाहीत. १७०२ च्या सुमारास त्याने 'राजापूर बारसा' म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी जोडून नागपूर वसवले. त्याच्यानंतर आलेल्या चांद सुलतानाने तिथे राजधानी नेली. त्याच्या काळातला जुम्मा तलाव पुढे शुक्रवारी तलाव झाला आणि आज गांधीसागर म्हणून ओळखला जातो. तीन नावांचे एकच पाणी! माझ्यासारख्या मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला हा राजा जवळचा वाटतो, तो यामुळेच. आपली ओळख एकाच धाग्याची असावी, असा हट्ट त्या काळाने धरला नव्हता.

शाळेच्या पुस्तकात आदिवासी भेटतो तो बहुधा बंडखोर म्हणून. मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके इंग्रजांशी लढले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फासावर गेले. त्यांची आठवण ठेवलीच पाहिजे. पण आदिवासी म्हणजे केवळ लढणारा किंवा केवळ मागासलेला, एवढेच चित्र मुलांपुढे राहिले, तर राज्य चालवणारा, नगर वसवणारा, शेतीचे कायदे करणारा आदिवासी त्यांना कधी कळायचा? मग गोंड मुलाला वाटते, या देशाच्या उभारणीत आपले काहीच नाही. आणि इतरांना वाटते, त्याला जे मिळते ते उपकार म्हणून मिळते.

याचा परिणाम आज तळ्यांवरही दिसतो. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. पाळीवर माती टाकण्याची गावाची जबाबदारी सैल झाली. गाळ साचला, बेशरम माजली, काठावर अतिक्रमणे झाली. तरी अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या बाया तळ्यांत उतरल्या. त्यांनी बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, मासळीला पुन्हा आसरा दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याचा आधार घेऊन २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. हे लोक नवे काही मागत नाहीत. पाणी आणि रान सांभाळणाऱ्याचा त्यावर हक्क, हा इथलाच जुना न्याय आहे.

आपल्या गावाला तळे असेल तर घरातल्या मुलांना एकदा त्याच्या पाळीवर घेऊन जा. ते कुणी बांधले, कुणाच्या राज्यात बांधले, हे गावातल्या म्हाताऱ्यांना त्यांच्यासमोर विचारा. ही माहिती सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)