आईच्या पत्राची याचिका झाली

ओडिशाच्या सुंदरगढ जिल्ह्यात १ डिसेंबर १९८७ रोजी पोलिसांनी २२ वर्षांच्या एका तरुणाला चौकीत नेले. दुसऱ्या दिवशी तो रेल्वे रुळांवर मृत सापडला. पळून जाताना गाडीखाली आला, असे पोलिसांचे म्हणणे. आई नीलाबती बेहरा यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र धाडले. तीच याचिका ठरली. १९९३ मध्ये न्यायालयाने पोलिसांची कहाणी फेटाळून राज्याला दीड लाखाची भरपाई द्यायला लावली. रक्कम तुटपुंजीच, पण संविधानाच्या अनुच्छेद २१ मधला जगण्याचा हक्क हिरावणाऱ्या राज्याला सार्वभौमत्वाची ढाल पुढे करता येणार नाही, हे पक्के झाले. पोलिसांच्या हातून होणाऱ्या मृत्यूंचा प्रश्न पुढेही आला: मुंबईतल्या १९९५-९७ मधल्या ९९ पोलीस चकमकींच्या प्रकरणात २०१४ मध्ये याच न्यायालयाने चकमकीतील मृत्यूंचा तपास सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे सोपवणे बंधनकारक केले.