हिवाळा हिरवळीचा वैरी नव्हे

मार्च संपता संपता मिनिॲपोलिसच्या आसपासच्या वस्त्यांमधला बर्फ उतरू लागतो आणि खालून पिवळं, जमिनीला चिकटलेलं गवत डोकं काढतं. त्यावर ठिकठिकाणी ताटाएवढे करडे गोल डाग असतात. घर नुकतंच घेतलेलं असलं की हे दृश्य पाहून माणूस हबकतो. पुढच्याच शनिवारी तो बी, खत आणि बुरशीनाशक अशा तिन्ही पिशव्या गाडीत घालून आणतो. खरं तर त्या शनिवारी त्यातल्या एकाचीही गरज नसते.

पुण्या-नाशिकहून मिनेसोटात आलेल्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड येते. आपल्याला ओळखीचं लॉन हरळीच्या कुळातलं. ते पावसाळ्यात लावायचं, बारीक कापायचं. तीस-पस्तीस अंशांत ते फोफावतं आणि थंडीत सुस्तावतं. मिनेसोटातली गवतं याच्या नेमकी उलट. केंटकी ब्लूग्रास, फाइन फेस्क्यू, पेरेनियल रायग्रास ही सगळी थंड हवेची गवतं. (ब्लूग्रासच्या नावात केंटकी असलं तरी ते मूळचं युरोप-आशियातलं.) साधारण 15 ते 24 अंश सेल्सिअसला ती जोमानं वाढतात आणि तिशीच्या पुढे रेंगाळतात. त्यामुळे त्यांना वर्षात दोन बहर येतात, एक मे-जूनमध्ये आणि दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आणि दोनदा ती निजतात, एकदा बर्फाखाली आणि एकदा भर उन्हाळ्यात. बहुतेक गैरसमज हे वेळापत्रक ध्यानात न घेतल्यामुळे होतात.

पहिला गैरसमज हिवाळ्यात गवत मरतं हाच. पाती वाळतात हे खरं, पण गवताचा जीव पात्यांत नसतो. पाती आणि मुळं जिथं जुळतात तिथं मातीलगत एक जाडसर सांधा असतो, त्यात असतो. शरद ऋतूत दिवस लहान होऊ लागले की हा सांधा साखर साठवतो, स्वतःतलं पाणी कमी करतो आणि कडाक्याच्या थंडीला तयार होतो. वर बर्फाचा जाड थर असेल तर उत्तमच. बाहेर उणे पंचवीस असलं तरी बर्फाखालची माती त्यापेक्षा कितीतरी उबदार राहते. शंका असेल तर वसंतात वाळकी काडी मुळासकट उपटून पाहावी. सांधा पांढरट आणि टणक लागला तर गवत जिवंत आहे. तपकिरी, मऊ होऊन बोटात चुरला तर मेलेलं.

खरा घात हिवाळ्याच्या शेवटी होतो. दिवसा ऊन पडून बर्फ वितळतो, खोलगट जागी पाणी साचतं, सांधा ते पिऊन फुगतो आणि रात्री पारा एकदम खाली गेला की आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात. दरवर्षी नेमक्या त्याच खळग्यातलं गवत जात असेल तर खत टाकून काही होणार नाही. खळगा भरून पाण्याला वाट करून द्यायला हवी.

करडे डाग ही बर्फाखाली वाढणारी बुरशी. वाकून पाहिलं तर पाती कोळ्याच्या जाळ्यासारख्या धाग्यांनी एकमेकांना चिकटलेली दिसतात आणि त्यांवर मोहरीहूनही बारीक, तांबूस किंवा काळे दाणे सापडतात. हे दाणे म्हणजे बुरशीची पुढच्या हिवाळ्याची बेगमी. ही करडी बुरशी सहसा पात्यांवरच थांबते, सांध्याला धक्का लावत नाही. गुलाबीसर कडांची दुसरी एक जात असते, ती जास्त खोल जाऊ शकते. वसंतात औषध मारून उपयोग नाही, कारण ऊन-वारा लागताच बुरशी आपोआप थांबते. हलक्या हातानं दाताळं फिरवून पाती मोकळी करावीत, तेवढं पुरे. पुढच्या वर्षी हे टाळायचं असेल तर ऑक्टोबरमध्ये गवत फार उंच ठेवू नये आणि वाटेवरचा बर्फ उपसून एकाच जागी त्याचे ढीग रचू नयेत.

आता सर्वांत महाग पडणारा समज: वसंत आला, बी पेरा. बर्फ नुकताच गेलेला असतो, माती थंडगार आणि चिखलट, वाफसा आलेला नसतो. बी कुजत पडतं. उगवलंच तर सोबत क्रॅबग्राससारखं उन्हाळी तणही उगवतं. तण उगवूच नये म्हणून टाकायचं औषध पेरलेल्या गवतालाही उगवू देत नाही, त्यामुळे तेही वापरता येत नाही. त्यातूनही रोपं तगली तर जुलैचं ऊन त्यांना गाठतं, आणि तोवर मुळं दोन बोटंही खोल गेलेली नसतात. रोपं माना टाकतात. दरवर्षी हीच गत होऊनही पुढच्या वर्षी पुन्हा एप्रिलमध्येच बी विकत घेतलं जातं, कारण दुकानं तेव्हाच ते मांडून ठेवतात.

पेरणीचा खरा हंगाम म्हणजे ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरचा मध्य. माती उन्हाळ्याच्या उबेत असते, रात्री गार होऊ लागतात, उन्हाळी तणांचा भर ओसरतो. रायग्रास आठवड्यात उगवतं, ब्लूग्रासला दोन ते चार आठवडे लागतात. तिथं धीर सोडून वर पुन्हा बी टाकू नये. पुढच्या जुलैला तोंड देण्याआधी या रोपांना वाढीचे दोन हंगाम मिळतात. मुहूर्त हुकलाच तर थेट नोव्हेंबरात, जमीन गोठण्याच्या बेताला पेरावं. बी रुजत नाही, मातीत निजून राहतं आणि वसंतात आपल्या वेळेला उठतं.

खताचंही तसंच. नत्राचा मुख्य हप्ता सप्टेंबरमध्ये द्यावा. पूर्वी हिवाळ्याच्या तोंडावर भरपूर नत्र द्यायचा सल्ला दिला जाई. पण थंड मातीत मुळं ते फारसं उचलत नाहीत आणि उरलेलं झिरपून भूजलात जातं. स्फुरदाबद्दल तर मिनेसोटात कायदाच आहे. 2005 पासून राज्यभर लॉनला स्फुरदयुक्त खत घालायला बंदी आहे; नवीन लॉन करत असाल किंवा माती परीक्षणात कमतरता दिसली, तरच सूट. हे राज्य दहा हजार तळ्यांचं म्हणून ओळखलं जातं, आणि अंगणातलं स्फुरद पावसाबरोबर गटारातून त्या तळ्यांत पोचलं की तिथं शेवाळ माजतं. म्हणून पिशवीवरच्या तीन आकड्यांपैकी मधला, म्हणजे स्फुरदाचा, शून्य आहे ना, ते पाहून घ्यावं.

उन्हाळ्यात गवत पिवळं पडलं की लोक रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी शिंपतात. त्यानं मुळं वरच्या वर राहतात आणि पाती रात्रभर ओली राहून रोगाला आमंत्रण मिळतं. एक तर पावसासकट आठवड्याला इंचभर पाणी, एक-दोनदाच पण खोलवर, आणि तेही सकाळी द्यावं. नाहीतर गवताला खुशाल निजू द्यावं. दोन-तीन आठवड्यांनी अर्धा इंच पाणी मिळालं तरी सांधा जिवंत राहतो आणि ऑगस्टअखेर हिरवा रंग परततो. मात्र पिवळा भाग सतरंजीसारखा हातानं उचलला जात असेल तर ती झोप नव्हे. खालची मुळं हुमणीनं खाल्लेली आहेत. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्यांना ही अळी ओळखायला शिकवावं लागत नाही. इथं ती बहुधा जपानी भुंगेऱ्याची असते.

बारीक कापलं की पुन्हा लवकर कापावं लागत नाही, हा हिशेबही चुकीचा. पात्याची उंची आणि मुळाची खोली बरोबरीनं चालते. गवत तीन इंचांवर ठेवावं, एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापू नये. उंच पात्यांच्या सावलीत क्रॅबग्रासचं बी उगवायला धजत नाही. कापलेलं गवत तिथंच पडू द्यावं. मातीवर साचणारा तपकिरी, स्पंजासारखा थर या तुकड्यांनी वाढतो असं सर्रास सांगतात, पण तो थर लवकर न कुजणाऱ्या देठांचा आणि मुळांचा असतो. तुकड्यांत बहुतांश पाणीच असतं. ते कुजून जातात आणि नत्र मातीला परत मिळतं.

आणि लॉनमध्ये गवताखेरीज काही दिसलं तर ते तण, ही समजूत फार जुनी नाही. 1940 च्या दशकात रुंद पानांची तणं मारणारी औषधं बाजारात येण्याआधी पांढरं क्लोव्हर लॉनच्या बियाण्यात मुद्दाम मिसळलेलं असे. ते हवेतला नत्र मातीत आणतं आणि मधमाश्यांना खाऊ घालतं. ती मिसळ आता परत येते आहे. फाइन फेस्क्यूमध्ये क्लोव्हर, सेल्फ-हील आणि सरपटणारा थाइम पेरलेल्या लॉनना मिनेसोटात ‘बी लॉन’ (इंग्रजी ‘बी’, म्हणजे मधमाशी) म्हणतात. अंगणात परागीभवन करणाऱ्या कीटकांसाठी जागा करावी म्हणून राज्याच्या ‘लॉन्स टू लेग्युम्स’ योजनेतून रहिवाशांना अर्थसाहाय्यही मिळतं. खत, पाणी, कापणी सगळंच कमी लागतं. नव्यानं पेरणी करायचीच असेल तर मी निव्वळ ब्लूग्रासऐवजी हेच सुचवेन.

ऑक्टोबरच्या पाचोळ्याचं सोपं आहे. जाड ओला थर तसाच राहिला तर खाली गवत गुदमरतं, तेव्हा तो हलवावाच लागतो. पण थर पातळ असेल तर पिशव्या भरत बसण्याची गरज नाही. पानं कोरडी असताना मोअर दोनदा फिरवून त्यांचा चुरा करावा. चुऱ्यातून गवताची टोकं वर दिसत असतील तर तो तसाच राहू द्यावा.